वतन आणि मक्ता: एका अल्पायुषी संघाच्या इतिहासाचा विचार

पुण्याच्या नावाने २०१५ साली बास्केटबॉलचा एक व्यावसायिक संघ निघाला. त्याचे नाव ‘पुणे पेशवाज’. युनायटेड बास्केटबॉल अलायन्स या संस्थेने त्या वर्षी आठ संघांची एक साखळी स्पर्धा सुरू केली. तीत पुण्याखेरीज मुंबई, दिल्ली, हरियाणा, पंजाब, हैदराबाद, बंगळूर व चेन्नई यांच्या नावांचे संघ होते. २०१७ पर्यंत या स्पर्धेचे चार हंगाम झाले. पुढे ती बंद पडली आणि तिच्यासवे पुण्याचा संघही मावळला. हकीकत इतकीच. एवढ्याशा हकीकतीवर एका वाङ्मयीन मासिकाची पाने कशासाठी खर्ची घालावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. आमचे उत्तर असे की, एखाद्या गोष्टीस इतिहास आहे असे आपण केव्हा म्हणावे, हा प्रश्न राज्यांच्या बाबतीत जितका खरा आहे तितकाच पाच गड्यांच्या संघाच्या बाबतीतही खरा आहे. राज्याच्या बाबतीत लढाया, तहनामे व थोर पुरुष यांच्या गर्दीत तो झाकला जातो. लहान संघाच्या बाबतीत तो उघडा पडतो, म्हणून तेथे तो पारखून घेणे सोपे जाते.

या परीक्षेसाठी लागणारे दोन शब्द आपल्या जुन्या दप्तरांतच तयार आहेत. एक वतन आणि दुसरा मक्ता. वतन गावाशी जखडलेले असे. बापाकडून मुलाकडे जाई, त्याबरोबर काही हक्क येत आणि काही सेवाही करावी लागे. मक्ता मुदतीचा असे. मक्तेदार पैसे भरी, मुदतीत जितका वसूल होईल तितका करी, आणि मुदत संपली की दुसऱ्या गावाचा मार्ग धरी. हल्ली ज्यास फ्रँचायझी म्हणतात तो व्यवहार म्हणजे आपला हा जुना मक्ताच होय. एखाद्या शहराचे नाव घेऊन संघ उभारण्याचा हक्क पैसे देऊन मिळवावयाचा, आणि तो परवडेनासा झाला की सोडून द्यावयाचा. यात लबाडी काही नाही. व्यवहार उघड आहे. प्रश्न एवढाच, की मक्त्यास इतिहास असू शकतो काय?

प्रथम नावाचाच विचार करू, कारण संघाने आपल्याविषयी केलेले पहिले विधान म्हणजे त्याचे नाव. पेशवा या शब्दाचे अनेकवचन मराठीत पेशवे असे होते, हे तिसरीतल्या मुलासही ठाऊक असते. त्या शब्दास इंग्रजी अनेकवचनाचे शेपूट जोडून ‘पेशवाज’ करण्यात आले, यावरून हे नाव कोणाच्या कानासाठी घडविले गेले ते कळून येते. परंतु व्याकरणाहून मोठी विसंगती अर्थाची आहे. पेशवेपद मुळात वंशपरंपरेचे नव्हते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथास ते मिळाले, आणि त्याच्यामागून ते एकाच घराण्यात चालत १८१८ पर्यंत राहिले. म्हणजे पुण्याच्या इतिहासात या पदाचे जे वैशिष्ट्य ठरले ते हेच, की ज्या नेमणुकीला वारस नव्हते तिला वारस मिळाले. आणि हे नाव नेमके अशा संघाला देण्यात आले की ज्याची रचनाच वारस उत्पन्न होऊ नये अशी होती. इतिहासाचे नाव उसने घेतल्याने इतिहास अंगी येत नाही, ही गोष्ट इतकी चोख रीतीने सिद्ध करणारे उदाहरण मुद्दाम शोधूनही सापडले नसते.

हा दोष एकट्या बास्केटबॉलच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. गेल्या दोन दशकांत पुण्याच्या नावाने निघालेल्या संघांची शकावली मांडली तर ती एखाद्या स्मशानाच्या नोंदवहीसारखी दिसते. क्रिकेटमधील पुणे वॉरियर्स हा संघ २०११ ते २०१३ असा तीन हंगाम खेळला आणि मक्त्याच्या रकमेच्या तंट्यात संपला. गहुंजे येथील मैदानास २०१२ साली त्याच्या मालकांचे नाव मिळाले होते. पुढल्याच वर्षी ते नावही उतरविण्यात आले. त्यानंतर २०१६ साली निघालेल्या दुसऱ्या क्रिकेटसंघाचे आयुष्य जन्मतःच दोन वर्षांचे ठरलेले होते. बंदी आलेल्या दोन संघांची जागा भरण्यापुरताच तो होता. २०१७ सालचा अंतिम सामना अवघ्या एका धावेने गमावून तो नाहीसा झाला. फुटबॉलमध्ये पुणे एफसी हा संघ २००७ साली निघाला आणि २०१५ च्या सुमारास त्याच्या मुख्य पथकाचा खेळ थांबला. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ साली राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ पर्यंत टिकला, आणि नंतर त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. ही यादी पाहिल्यावर पुणेकरांच्या रसिकतेला दोष देण्याचा मोह होतो. परंतु तो टाळलेला बरा. ज्या पाहुण्याने परतीचे तिकीट काढूनच घरात पाऊल टाकले आहे, त्याच्यावर यजमानाने जीव का लावला नाही, हे विचारणे शहाणपणाचे नव्हे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. संघ अल्पायुषी होता म्हणून त्यास इतिहास नाही, असे म्हणता येईल काय? आयुष्याची लांबी हे थोरवीचे माप मानले तर ज्ञानेश्वरांचे काय करावयाचे? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी या खेळाच्या मूळ देशात क्षणभर डोकावणे अवश्य आहे.

बास्केटबॉलचा जन्म कोणत्या दिवशी आणि कोणत्या गरजेतून झाला, हे नक्की सांगता येते. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या शिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे एक अडचण उभी होती. हिवाळ्यामुळे बाहेरचे खेळ बंद, आणि छपराखालच्या कवायतीला विद्यार्थी कंटाळलेले. त्याने दोन्ही बाजूंच्या सज्जांना दहा फूट उंचीवर पीच फळांच्या टोपल्या अडकविल्या, तेरा नियम लिहिले आणि एकेका बाजूस नऊ गडी घेऊन खेळ सुरू केला. त्या पहिल्या सामन्यात चेंडू टोपलीत एकदाच पडला! त्या सामन्यातील एक खेळाडू डंकन पॅटन हा १८९४ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच्याबरोबर हा खेळही आला, असे सांगतात. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासेस शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले; १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९५० साली भारतीय महासंघ स्थापन झाला. तात्पर्य, हा खेळ आपल्याकडे आला तो शाळामास्तरांच्या हातून, एका गरजेचे उत्तर म्हणून.

त्याच देशात दुय्यम दर्जाच्या साखळ्यांचीही मोठी परंपरा आहे. पेनसिल्व्हानियाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात १९४६ च्या एप्रिलात एक लहान साखळी स्थापन झाली. पुढे ज्या साखळीने सर्व जग व्यापले, तिच्या पूर्वजाचा जन्म त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे हिच्यानंतर काही आठवड्यांनी झाला. खाणगावांतले हे संघ मोठ्या शहरांच्या संघांपुढे किरकोळच होते. पण त्यांपैकी हेझल्टन येथील संघाने १९४६–४७ च्या हंगामात कृष्णवर्णीय खेळाडूंना आपल्यात घेतले. थोरल्या साखळीला तसे करण्यास १९५० साल उजाडावे लागले. थोरल्यांना जे जमले नव्हते ते धाकट्यांनी आधी करून दाखविले. ती लहान साखळी नाव बदलीत २००९ पर्यंत जगली.

याहूनही बोलके उदाहरण न्यूयॉर्क रेनेसान्स या संघाचे. १९२३ साली रॉबर्ट डग्लस या कृष्णवर्णीय गृहस्थाने तो काढला. हार्लेम भागातील एका नृत्यगृहाचा दिवाणखाना हेच त्यांचे मैदान. सामना संपला की तेथेच नाच सुरू होई. पुढे हा संघ बहुतेक काळ गावोगाव हिंडत राहिला. अनेक ठिकाणी खाणावळी त्यांना जेवू घालीत नसत आणि धर्मशाळा थारा देत नसत. मग गड्यांना आपल्या बसगाडीतच रात्र काढावी लागे. अशा स्थितीत १९३२–३३ च्या हंगामात त्यांनी लागोपाठ ८८ सामने जिंकले, आणि १९३९ साली शिकागो येथे व्यावसायिक संघांची जागतिक म्हणविलेली स्पर्धा जिंकली. १९४९ साली संघ संपला. १९६३ साली त्या सबंध संघास या खेळाच्या मानमंदिरात स्थान मिळाले.

हा संघही मेलाच की! त्याला स्वतःचे धड मैदान नव्हते, आणि मागे तो चालविणाराही कोणी उरला नाही. मग त्यास इतिहास आहे आणि पुण्याच्या संघास नाही, असे आम्ही कोणत्या आधारावर म्हणतो? आधार असा: रेनेसान्स हा संघ ज्या प्रश्नाचे उत्तर होता, तो प्रश्न एका सबंध समाजाच्या काळजात रुतलेला होता. संधी मिळाली तर आम्ही कोणापेक्षा कमी नाही, हे सिद्ध करण्याची त्या समाजास निकड होती, आणि हे पाच गडी रोज रात्री त्याची सिद्धता देत होते. म्हणून संघ संपल्यावरही त्याला वारस उरले. ते रक्ताचे वारस नव्हते, स्मरणाचे होते. संघाचे वतन जमिनीतच असावे लागते असे नाही. ते लोकांच्या गरजेत असले तरी पुरते. पुण्यातील बास्केटबॉल संघाच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न हाच: तो पुण्यातील कोणाच्या कोणत्या गरजेचे उत्तर होता?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून याच खेळाचे आपल्याच महाराष्ट्रातील दुसरे उदाहरण पाहू. मुंबईच्या नागपाड्यात १९२७ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने ‘नेबरहुड हाउस’ ही शेजारधर्माची संस्था काढली. गिरणी–गोदीच्या आसपासची दाट, गरीब, नाना धर्मांची ही वस्ती. याच वास्तूत १९३६ साली समाजकार्याचे ते विद्यालय सुरू झाले, की जे आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून सर्वश्रुत आहे. विद्यालय मोठे होऊन दुसरीकडे गेले. पण वस्तीतल्या पोरांना लागलेला बास्केटबॉलचा नाद तेथेच राहिला. या खेळास जागा थोडी लागते, साहित्य म्हणजे एक चेंडू आणि दोन कडी, आणि गडीही पाच पुरतात. दाटीच्या वस्तीला असाच खेळ मानवतो. त्या मोहल्ल्यातून एकामागून एक पिढ्या खेळत आल्या. भारताच्या संघाचे नायकत्व केलेले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळविलेले गुलाम अब्बास मुन्तसिर हे नागपाड्याचेच. येथे कोणी शनिवारवाड्याचे नाव घेतले नाही, मक्ता बोलला नाही. तरीही थोरला भाऊ खेळतो म्हणून धाकटा कट्ट्यावर येऊन बसतो, आणि काही वर्षांनी तो आत उतरतो, ही साखळी तुटली नाही. वारसा म्हणतात तो हाच.

वतनाचे हे गुण सांगताना त्याचे पाप झाकून ठेवणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. वतनाने माणसास गावाशी जोडले हे खरे; पण त्यानेच त्याला जन्माच्या खुंटीस बांधून टाकले. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० पासून पुढे ही वतने क्रमाने कायद्याने नाहीशी करावी लागली, ती उगाच नव्हे. खेळाच्या मैदानाचाही असा एक काळा वारसा आहे, आणि त्याचे सर्वांत ठळक चित्र पुण्यातीलच आहे. पळवणकर बाळू हा चांभार समाजातील तरुण पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी तयार करी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याच्या डावखुऱ्या गोलंदाजीची गरज पडली तेव्हा पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले. परंतु चहाच्या वेळी त्याचा पेला वेगळा राहिला. त्याच बाळूने १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, आणि त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचा नायक झाला. तेव्हा ज्या वारशाची आम्ही तरफदारी करतो तो जन्माचा नव्हे. जो घाम गाळील त्यास तो मिळाला पाहिजे. आणि मक्त्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे, की मक्तेदार गड्याची जात विचारीत नाही. तो केवळ त्याच्या खेळाची किंमत करतो. जुन्या संस्थांनी ही उदारता दाखविण्यास किती वेळ लावला हे ध्यानात घेतले, म्हणजे मक्त्यावर सरसकट दात खाणे आपल्याला शोभणार नाही.

मक्त्याच्या पदरात आणखीही काही श्रेय घातले पाहिजे. बास्केटबॉलच्या ज्या साखळीचा आपण विचार करीत आहोत, तिने आपल्या देशातील खेळाडूंना खेळाबद्दल पैसे दिले. त्याआधी भारतातील बास्केटबॉलपटूचा संसार चालत असे तो रेल्वे, सैन्यदल, पोलीस अथवा सरकारी कंपन्या यांतील नोकरीवर. तसेच या साखळीत खेळलेला पालप्रीतसिंग ब्रार हा खेळाडू २०१६ साली अमेरिकेतील दुय्यम साखळीच्या निवडीत लाँग आयलंडच्या संघाने घेतला. म्हणजे तिकडे जावयाची एक वाट तिने उघडली. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंकरिता पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. त्या मिळतात मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांतील कामगिरीवर. ही साखळी राष्ट्रीय महासंघाच्या चौकटीबाहेरची होती. ज्या घरात एकच मुलगा कमावता होणार आहे, त्या घराने त्याची ऐन उमेदीची तीन वर्षे अशा संघाच्या स्वाधीन करावी काय, की जो बंद पडताच हाती ना नोकरी राहावी, ना मैदान, ना उपयोगी पडेल असे प्रमाणपत्र? संघाला इतिहास असणे ही केवळ भावनेची चैन नाही, हे येथे दिसून येते. ज्या संघाला उद्या आहे, तोच आपल्या गड्याच्या उद्याची काळजी करू शकतो.

आता एक अपवाद लक्षात घेतला पाहिजे, कारण नियमाची परीक्षा अपवादानेच होते. पुणेरी पलटण हा कबड्डीचा संघही मक्त्याचाच. तोही २०१४ साली एका व्यावसायिक साखळीसाठी उभा राहिला. तरीही तो मेला नाही. २०२२ सालच्या अंतिम सामन्यात तो हरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे अस्लम इनामदार याच्या नायकत्वाखाली हरियाणाच्या संघास २८–२५ असे हरवून त्याने अजिंक्यपद मिळविले. आणि २०२५ साली पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन दिल्लीकडून तो हरला. मक्ता एकाच जातीचा, शहर एकच, नाव घेण्याचा हव्यासही तोच. मग एक संघ टिकावा आणि दुसरा विरावा, असे का? आमच्या मते कारण जमिनीखाली आहे. पुणे–सोलापूर रस्त्यावरचे दौंड तालुक्यातील कासुर्डी घ्या, किंवा भीमेपलीकडले शिरूर तालुक्यातील कोणतेही गाव घ्या. तेथे बास्केटबॉलचे खांब पाहावयाचे तर एखाद्या शाळेच्या आवारात शोधावे लागतील. पण फक्कीच्या रेघा मारून कबड्डीचे मैदान आखण्यास एक सकाळ पुरते, आणि पकड कशी धरावी, बोनस कधी घ्यावा याची चर्चा पारावर बसलेले आजोबासुद्धा करू शकतात. पलटणीचा मक्तेदार उद्या बदलला, तरी गड्यांची आणि जाणत्या प्रेक्षकांची जी शेती गावोगाव उभी आहे, ती तशीच उभी राहील. मक्ता तेथे वतनाच्या खांद्यावर बसलेला आहे. बास्केटबॉलचा मक्ता मात्र हवेत बसविलेला होता.

आणि ही शेतीही आपोआप उगवलेली नव्हे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९०६ साली स्थापना झाल्यापासून देशी खेळांना नियमांच्या चौकटीत बसविण्याचे काम अंगावर घेतले, आणि १९१४ च्या सुमारास खो–खोचे नियम तेथेच प्रथम बांधले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी आपले पथक नेऊन जगाला कबड्डी दाखविली. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात सिद्ध केले. या मंडळींपैकी कोणालाही लाभाची आशा नव्हती. आज कबड्डीच्या मक्त्यास जे पीक हाती लागते आहे, त्याची नांगरणी शंभर वर्षांपूर्वी झाली आहे, हे मक्तेदारांनीही विसरू नये.

येथपर्यंत संघांचे दोष सांगितले. आता आपल्या लेखकांचे सांगितले पाहिजेत. आपल्याकडे खेळाडूंची चरित्रे आहेत, खेळांचे कोश आहेत. संघाचे चरित्र मात्र जवळजवळ नाही. पळवणकर विठ्ठल यांनी १९४८ साली आपले आत्मचरित्र ‘माझे क्रीडा–जीवन’ या नावाने मराठीत लिहून ठेवले, म्हणून त्या काळच्या हिंदू संघाच्या अंतरंगात आज आपल्याला डोकावता येते. तसे कोणी लिहिले नाही, तेथे उरते ती सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. या स्मरणिकांचा साचा ठरलेला आहे. आरंभी मंत्र्यांचे शुभेच्छापत्र, मग अध्यक्षांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावळी, जिंकलेल्या ढालींची यादी, आणि मध्ये मध्ये जाहिराती. हरलेल्या सामन्याचे नाव नाही. मैदानाची जागा कोणाच्या हातची निसटली, कोणाच्या वशिल्याने मिळाली, याचा उल्लेख नाही. पाणी कोण मारीत असे, चेंडूची शिवण उसवली तर ती कोण घाली, यावर एक ओळ नाही. पूर्वी बखरकार धन्याच्या मर्जीने लिहीत, असा आपण त्यांना दोष देतो. आमच्या स्मरणिका त्याच बखरी आहेत. फरक एवढाच, की बखरीत निदान लढाईचे वर्णन असे.

ज्या पुण्यात राजवाड्यांनी घरोघरच्या माळ्यांवरून कागद गोळा करण्याचे व्रत घेतले, आणि ज्या पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, त्या पुण्याने तरी या बाबतीत निराळे वागावयास हवे होते. राजवाड्यांच्या शिकवणीचे सार एवढेच, की हिशेबाची फाटकी चिठ्ठीसुद्धा फेकू नये. राज्य कसे चालले हे ती तहनाम्याहून अधिक खरे सांगते. हीच दृष्टी संघाला लावली पाहिजे. संघाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ढालींकडे शेवटी वळावे. आधी त्याने गुणलेखकाच्या वह्या पाहाव्यात, प्रवासखर्चाचे कागद पाहावेत, सराव पाहाटे होता की संध्याकाळी हे विचारावे, कारण त्यावरून गडी नोकरदार होते की विद्यार्थी ते कळते. संघात कोण घेतला गेला याबरोबर कोण कुंपणाबाहेर उभा राहिला, हेही नोंदवावे. मुलींना मैदान कोणत्या साली मिळाले आणि कोणाच्या विरोधास न जुमानता मिळाले, हे लिहावे. आणि सर्वांत अधिक म्हणजे संघ मेला असेल, तर तो कशाने मेला हे निर्भीडपणे लिहावे. मृत्यूचे कारण नोंदल्याशिवाय वैद्यक पुढे जात नाही. तद्वत संघांच्या मरणाची कारणे नोंदल्याशिवाय आपली क्रीडासंस्कृतीही पुढे जाणार नाही.

या कसोटीवर पुण्याच्या त्या बास्केटबॉल संघालासुद्धा एका अर्थाने इतिहास देता येईल. तो विजयाचा नसेल, परंपरेचाही नसेल. तो एका प्रयोगाच्या फसण्याचा असेल, आणि फसलेल्या प्रयोगाची नोंद ही फार मोलाची वस्तू आहे. त्यात जे तरुण खेळले त्यांचा घाम खोटा नव्हता. चेंडू कड्यातून जातो तेव्हा मालक कोण आहे हे तो विचारीत नाही, आणि त्या क्षणीचा आनंद मक्त्याच्या कागदावर कधीच लिहिलेला नसतो. त्या गड्यांनी जे कमावले ते वाया जाऊ नये, ते कोणत्या तरी शाळेच्या, कोणत्या तरी वाडीच्या अंगणात उतरावे, एवढीच इच्छा आहे. त्यांच्यापैकी एकाने जरी आपल्या गावी परत जाऊन दोन खांब रोवले आणि दहा पोरे जमविली, तरी साखळीच्या चार हंगामांनी जे साधले नाही ते साधेल. त्या पोरांच्या संघाला भारदस्त नावाची गरज पडणार नाही. गावाचे नाव पुरेल. आणि त्याची पहिली नोंदवही ज्या दिवशी उघडली जाईल, त्या दिवसापासून त्याचा इतिहास सुरू झाला असे खुशाल समजावे.